दुपारी एक ते चार

मांजरीहून निघाले तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा आणि टॉवेलात गुंडाळलेली पितळी पाटी होती. जीव सगळा पाटीत.

"लावल्याबिगर येऊ नको," आईने दारातूनच बजावलं. "आन् फोटू काढ. मला दिसतंय तवर."

तिच्या डोळ्यांचा आता भरवसा नाही. डॉक्टर नवा चष्माही लिहून देत नाहीत. लहानपणी ती वर्षभर नारायण पेठेत मामाकडे होती. मामा छापखान्यात खिळे जुळवायचे (शिशाची अक्षरं ओळीत लावायचे), पण भाचीला वाचायला शिकवलं ते शेजारच्या गोदूबाईंनी. त्यांचा वर्ग दुपारी भरे. तेवढ्या वेळात घरातले पुरुष झोपत आणि मुलींना कोणी कामाला हाक मारत नसे. पाटीवर आईने तेच कोरून घेतलं होतं: 'येथे गोदूबाई दुपारी एक ते चार मुलींना शिकवीत.'

हडपसरला बस बदलली. शेजारच्या मुलीने विचारलं, "मावशी, लॅपटॉप आहे का आत? इतकी टाइट धरलीय बॅग!"

"नाही गं, एक बाई आहेत," मी म्हणाले. ती जरा सरकून बसली.

पेठेत शिरले आणि धास्ती वाढली. इथे घरांचे नंबर रांगेत नसतात. तीनशेच्या शेजारी अठ्ठेचाळीस सुखाने नांदतो. आईने सांगितलेल्या खुणांपैकी छापखाना गेला होता, वैद्यांच्या ओट्यावर मोबाइलचं दुकान होतं. या बोळात (अरुंद गल्लीत) पंचांगकर्ते राहत, कीर्तनकार राहत, आणि ते एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नसत, असं आई कौतुकाने सांगायची. शेवटी इस्त्रीवाल्याने बोट दाखवलं. गोदूबाईंचं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली होती आणि तीही आता म्हातारी दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर, इस्त्रीवाल्याने सांगितलेल्या दारावर लिहिलं होतं: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. उघडल्यास पश्चात्ताप होईल.'

दीड वाजला होता. मी समोर जिन्याच्या पायरीवर बसले. डबा उघडला आणि तसाच मिटला. नाही म्हणाले तर? आईला काय सांगू? पावणेचारला राहवलं नाही आणि मी बेल दाबली.

दार उघडणारे गृहस्थ सत्तरीचे होते. "पाटी वाचता येते ना आपल्याला?"

"येते. आईने शिकवलं. तिला गोदूबाईंनी."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ती माझी आत्या. या, बसा."

मी कशाला आले ते सांगून पितळी पाटी पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बाहीने पुसली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांनी ती परत टॉवेलात गुंडाळली.

"अहो, नाही लावता येणार. इमारत पाडायची ठरलीय. बिल्डर मोठ्या मुश्किलीने मिळालाय. ही पाटी दिसली की कोणीतरी ऐतिहासिक वास्तू म्हणून अर्ज करणार आणि बिल्डर पळणार." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "लिफ्ट नाही. आमची ही चार वर्षं खाली उतरलेली नाही."

आतून बारीक खोकला ऐकू आला. मी पाटी उचलून पिशवीत ठेवली. निघताना ते जिन्यापर्यंत आले. "आत्याला आवडली असती," म्हणाले, आणि घाईने दार लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी आईसाठी तीन खोट्या गोष्टी रचल्या. घरी पोचले तर ती ओसरीवरच बसलेली. तिन्ही विसरले आणि खरं ते सांगून टाकलं.

ती रडली नाही. पाटी मागून घेतली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग हितंच लाव. आपल्या दाराला."

"आई, गोदूबाई कुठे इथे शिकवायच्या?"

"त्यांनी शिकवल्यालंच मी शिकवलं न्हवं? ऊसतोडीच्या बाया दुपारी याच वसरीवर बसायच्या. तू पाळण्यात हुतीस. खोटं काय हाय त्यात?"

मी हातोडी आणली. खिळा दाराच्या चौकटीवर धरला आणि हात थांबला. पुढच्या आठवड्यात आमच्याकडेही बिल्डर येणार आहे. भावाने आणि मी मिळूनच बोलावलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.

"आई, आत्ता नको लावायला," मी म्हणाले. त्या गृहस्थांचाच आवाज माझ्या तोंडून निघाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. कितपत दिसलं, कोण जाणे.

"कोन येनार हाय?" तिने विचारलं.