दोन फोटोंमधलं घर

राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीत रस्त्यालगत दूध संकलनाची खोली आहे. त्या पावसाळ्यात तिच्या खिडकीत मी कॅमेरा बसवला. एका संस्थेसाठी आम्ही पावसावर छोटी फिल्म करत होतो आणि लावणीपासून पोटरीपर्यंतचं, म्हणजे लोंबी पोटात धरेपर्यंतचं भात दोन मिनिटांत वाढताना दाखवायचं होतं. आम्ही म्हणजे मी आणि राजारामपुरीत माझ्याबरोबर स्टुडिओ चालवणारा माझा मित्र. शूटिंग माझं, एडिटिंग त्याचं.

पाच-पाच मिनिटांनी एक फोटो, असे आठवडेच्या आठवडे काढायचे आणि नंतर ते भरभर पळवायचे, एवढंच हे काम. पण त्यात कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नसतं. फोकस एकदा लावून त्यावर चिकटपट्टी मारली. ढग आला की कॅमेरा आपल्या मनानं फोटो उजळ करतो, तेही बंद केलं. नाहीतर पुढं पडदा लुकलुकतो. ट्रायपॉडच्या पोटाला वाळूची पिशवी बांधली, म्हणजे वाऱ्यानं तो जागचा हलायला नको. लेन्सवर बाष्प धरू नये म्हणून शेजारी एक छोटा बल्ब पेटता ठेवला. तिकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं बॅटऱ्या बदलायला रोज कुणीतरी हवं होतं. ते काम दुधाची खोली सांभाळणाऱ्या वहिनींनी अंगावर घेतलं. सकाळी दुधाची फॅट बघून झाली की हात पुसून त्या बॅटरी बदलायच्या, आणि बदलताना दुसऱ्या हातानं ट्रायपॉड असा धरायच्या की फ्रेम केसभरही सरकत नसे. लग्नाच्या शूटिंगला माझ्याबरोबर आलेल्या कितीकांना ते जमलेलं नाही.

फ्रेममध्ये पुढं खाचरं होती, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं एकच घर नि गोठा. घरामागं फणस, त्याच्या वर डोंगराची झाडीनं भरलेली उतरण. ते घर वहिनींचंच होतं. पहिल्या दिवशी स्क्रीनवर त्यांना दाखवलं तर खूश झाल्या.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दोन-अडीच आठवड्यांनी मी कार्ड घेऊन कोल्हापूरला आले. त्या दुपारी मित्रानं फोटो ओळीनं लावून पळवले. भात झकास वाढत होतं, ढग वरून ओतल्यासारखे उतरत होते, पण चित्राच्या वरच्या भागात काहीतरी थरथरत होतं. ट्रायपॉड हलला असणार, असं तो म्हणाला. मलाही तेच वाटलं, आणि रागही आला.

असं हललेलं चित्र स्थिर करायची एक रीत आहे. फ्रेममधली जागची न हलणारी एक वस्तू धरायची आणि प्रत्येक फोटो तिच्यावर बरोबर बसवायचा. त्यानं ओढ्याअलीकडचा विजेचा खांब धरला. थरथर गेली नाही. मग लांबच्या डोंगराची कड धरली. तरीही तेच. खांब स्थिर होता, कड स्थिर होती, घरसुद्धा स्थिर होतं. आम्ही पुन्हा पळवलं, या वेळी सावकाश. घराच्या वरचा झाडीचा एक पट्टा खाली येत होता. अंगावरचं पांघरूण झोपेत हळूहळू घसरावं तसा. त्यातली झाडं मागं कलत चालली होती, आणि शेवटच्या फोटोंत पट्ट्याच्या माथ्यावर एक काळी रेघ उमटली होती. पहिल्या फोटोंत ती नव्हती.

मित्रानं हात की-बोर्डवरून उचलला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी पार्क करण्यावरून भांडत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. मग मी फोन लावला. वहिनींचा लागेना, त्यांच्या मालकांचा, दादांचाही लागेना. लॅपटॉप पिशवीत घातला आणि आम्ही निघालो. भोगावती नदीचं पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत आलं होतं.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. लोक कॅन रिकामे करून गेल्यावर आम्ही वहिनींना आणि त्यांच्या मालकांना लॅपटॉपसमोर बसवलं. काही समजावून सांगावं लागलं नाही. दादांनी एकदा बघितलं आणि परत लावायला सांगितलं. मग खिडकीतून बाहेर घराकडं बघत राहिले.

"मागच्या खोलीचं दार घासाय लागलंय," ते म्हणाले. "दोनदा रंधा मारला. तरी बसंना."

वहिनींनी त्यांच्याकडं वळून बघितलं. "मला बोलला न्हाईसा."

"बोलून काय करायचं हुतं? तू घाबरली असतीस."

वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "झऱ्याचं पाणी तांबडं येतंय. मी फडक्यानं गाळून भरत हुतो. तुमास्नी कळू नये म्हणून."

त्या दोघांना एकमेकांसमोर तसं बसलेलं बघताना मला फार अवघडल्यासारखं झालं. एकाच घरात राहून दोघांनीही ते ओळखलं होतं, आणि दुसऱ्याला झोप लागावी म्हणून दोघंही गप्प होते. आम्ही आणलेल्या चित्रानं फक्त त्यांची तोंडं उघडली.

दुसऱ्या दिवशी तलाठी येऊन बघून गेले, त्यांनीही घर खाली करायला सांगितलं. भांडी, धान्य, कपाट असं सगळं ओढ्यावरच्या साकवावरून अलीकडं आलं. म्हशी रस्त्याकडेच्या शेडमध्ये बांधल्या. नवरा-बायको दुधाच्या खोलीतच राहू लागले. कॅमेरा मी तिथंच ठेवला. भाताचं काम राहिलं होतं हे खरं, पण मला आता भात बघायचं नव्हतं.

निघताना मी वहिनींना एक गोष्ट शिकवली. कॅमेऱ्याचं चाक फिरवलं की फोटो मागं-मागं जातात. कालचा याच वेळचा फोटो आणि आजचा फोटो असे पुढं-मागं करायचे, आणि सगळं चित्र बघत बसायचं नाही. जिथं दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना लागतात, तिथंच नजर ठेवायची. हलणारी वस्तू तिथंच पकडली जाते. शूटिंगमध्ये आम्ही कॅमेरा हललाय का हे असंच तपासतो. त्यांनी घराच्या कौलांचं आढं आणि त्यामागं दिसणारं फणसाचं बेचकं निवडलं. दोन्हींच्या मध्ये बोटभर उतरण दिसत होती.

आणि मग ऊन पडलं. डोंगर होता तिथंच राहिला. आठवडा गेला, तसे वाडीतले लोक चेष्टा करू लागले. दादांनी मला फोनवर सांगितलं, "ताई, तुमचा डोंगुर काय येईना बघा." हसत बोलले, पण बोलण्यात टोचणी होती. मलाही रात्रंदिवस तेच खात होतं. चार फोटो बघून मी एका कुटुंबाला घराबाहेर काढलं, आणि मला डोंगराचं काय कळतं? दादा आधी वैरण आणायला म्हणून पलीकडं जाऊ लागले, मग दुपारची झोपही तिथंच घेऊ लागले. परत राहायला जायचा वार त्यांनी ठरवून टाकला. पाऊस पुन्हा लागला तरी त्यांनी तो बदलला नाही.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. त्या ठरल्या वारी सकाळी बॅटरी बदलून त्यांनी चाक फिरवलं. आढं आणि बेचकं यांच्यामधली उतरण दिसेना. फणस कौलांना टेकला होता. त्यांनी खोलीला कुलूपसुद्धा लावलं नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन साकव ओलांडला आणि गोठ्यात काम करणाऱ्या मालकांना सांगितलं की दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर तुम्हाला तातडीनं बोलावतोय. ते आले. गाडी नव्हती. ते चिडून परत वळले, तेव्हा वहिनी साकवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"आजचा दिस थांबा," त्या म्हणाल्या. "उद्या मी सोता तुमच्यासंगं येतो. पण आज न्हाई."

फोटोचं काही बोलल्या नाहीत. का, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, फणस बघायला ते परत घराकडं गेले असते.

मी त्या दिवशी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याची फिल्म करत होते. आत यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. दुपारी बाहेर आले तर वहिनींचे कितीतरी मिस्ड कॉल पडले होते. मी लावला. पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

"ताई, घर गेलं," त्या म्हणाल्या. "माणसं हाईत."

ते फोटो माझ्याकडं आहेत. एका फोटोत घर आहे, गोठा आहे, दारात टांगलेलं पोतं आहे. पुढच्या फोटोत तांबडी माती आहे, आणि तिच्यात फणसाचा शेंडा. पाच मिनिटांच्या मध्ये जे झालं, त्याचा एकही फोटो नाही. बातमीवाल्यांनी फार विचारलं. डोंगर पडताना दिसत नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह गेला. फिल्ममध्ये आम्ही भाताची दोन मिनिटं दुसऱ्या गावातून घेतली.

दादा-वहिनींनी आता दुधाच्या खोलीमागं दोन खोल्या बांधल्यात. जागा तेवढीच होती, आणि तिच्या पाठीशीही उतार आहे, पलीकडच्यापेक्षा कमी, पण आहे. यंदा जूनमध्ये वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्याचं तोंड तिकडं करून मागितलं. मी बांधाची दगडी कड आणि त्यामागचा एक आंबा फ्रेममध्ये बसवून दिला. रोज दूध गेलं की त्या चाक फिरवतात. अजून काही नाही, असं सांगतात.

परवा फोनवर त्यांनी विचारलं की कॅमेऱ्यात किती मागचे फोटो राहतात. पुसले नाहीत तर सगळे राहतात, मी म्हटलं. मग जूनमधल्या पहिल्या फोटोपासून एकही पुसायचा नाही, असं त्या म्हणाल्या. का, ते मी विचारलं. पण मागं म्हशी ओरडत होत्या, आणि त्यांनी येतो म्हणून फोन ठेवला.