सलूनवाल्या काकांची साक्ष

कोर्टासमोर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशी म्हणजे मोठी फटकळ बाई. वकिलांचा काळा कोट ओलं फडकं टाकूनच दाबायच्या, नाहीतर कापड चकाकतं. कोणी घाई केली की म्हणायच्या, "तारखा वर्षानुवर्षं लांबवता, आणि कोट मात्र आत्ताच्या आत्ता होय?"

अशा बाईचा एकुलता एक मुलगा बाँबस्फोटाच्या खटल्यात अडकला. बॅटऱ्या दुरुस्त करायचा तो. स्फोटाच्या जागी त्याच्या हातची बॅटरी सापडली, झालं! खटला दहशतवादाच्या खास कोर्टात, तुरुंगाच्या आवारात, बंद दाराआड. आईलासुद्धा आत मज्जाव.

पोलीस म्हणत होते, बॅटरी त्यानंच तिथं नेऊन ठेवली. अहो, त्या वेळी तो शेजारच्या सलूनवाल्या काकांच्या खुर्चीत तोंडाला साबण फासून बसला होता! म्हाताऱ्या काकांनी जाऊन तसं सांगितलं. सरकारी वकिलानं हरतऱ्हेनं विचारलं, पण काका तसूभर हलले नाहीत.

"साक्ष झकास झाली. आता धीर धरा," मावशींचे वकील म्हणाले.

धीर कुठला! खास कोर्ट म्हणजे फाशीच, असं मावशींच्या मनानं घेतलं होतं. "साध्या कोर्टात न्या हो. बाकावर बसून पोराला बघता तरी येईल." वकील कोट न्यायला आले की तेच पालुपद. शेवटी वकिलांनी वरच्या कोर्टात अर्ज केला, की हा खटला खास कोर्टात चालवायला लागणारी मंजुरीच घेतलेली नाही. अर्ज पडून राहिला. तेवढ्यात काका वारले. मावशी खूप रडल्या, पण साक्ष दिली ती दिली, असंच त्या धरून चालल्या होत्या.

मग अर्जाचा निकाल लागला. खटला साध्या कोर्टात! मावशी गल्लीभर सांगत सुटल्या.

कायद्याची तऱ्हा बघा. पहिल्या तारखेला सकाळी वकिलांनी मान खाली घालून सांगितलं, "त्या कोर्टाला अधिकारच नव्हता, म्हणून तिथली साक्षही धरत नाहीत. सगळं पहिल्यापासून."

मुलगा पिंजऱ्यात उभा होता. केस पिकले होते. आईला बघून हसला. "आई, काकांना म्हणावं, पुन्हा एकदा त्रास देतोय."

मावशींनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

बाहेर येताच त्यांनी वकिलांची बाही धरली. "परत तिकडेच न्या त्याला. मी नाही बघायला मागणार, कध्धी नाही. काकांचं बोलणं तेवढं राहू द्या."

"आता नाही हो नेता येत, मावशी," वकील म्हणाले.