विहीणबाईंची लपाछपी

घाबरण्याची स्पर्धा भरली तर आमच्या कन्नड गावच्या विहीणबाई हमखास पहिल्या येतील, आणि बक्षीस घ्यायला जाताना स्टेजची पायरी पक्की आहे ना, हे हलवून बघतील. लेकरांचे खेळ घ्यायची मात्र त्यांना भारी हौस. नातेवाइकांत वाढदिवस कुणाचाही असो, पिशवीभर सामान घेऊन एसटीनं हजर. फुगे अर्धेच फुगवतात. पूर्ण फुगले की फुटतात, फुटले की लेकरं दचकतात. संगीत खुर्चीत लेकरांपेक्षा एक खुर्ची जास्तच मांडतात. "बाहेर काढलेलं लेकरू जाईल कुठं, विहीणबाई?" असं मलाच विचारतात. स्टॅच्यू म्हणाल्या की लगेच, "हला, हला, पाय आखडतील!"

मला हसू येतं, पण मी कोणत्या तोंडानं हसू? तरुणपणी, मुलाच्या वाढदिवसाला मी गळ्यात शिट्टी अडकवून दुडुदुडु चालणाऱ्या पोरांच्या रांगा लावल्या होत्या. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत अर्ध्यांनी लिंबू चोखलं, उरलेल्यांनी भोकाड पसरलं, आणि बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, शिट्टी फुंकून विजेता जाहीर केला. विजेता माझाच मुलगा. त्याला कडेवर घेऊन मीच पळाले होते.

यंदा नातीला तिसरं संपलं. वाढदिवस आमच्या सिडकोतल्या घरीच होता, पण माझ्या जिवाला घोर लागलेला. जूनमध्ये नर्सरी, आणि पोरगी चार लेकरांत मिसळायला तयार नाही. खुर्च्या झाल्या, फुगे झाले, हिच्या मुठीत माझा पदर तसाच. शेवटी मीच पिल्लू सोडलं, "लपाछपी घ्या की, विहीणबाई!"

"नगं हो! लेकरू दिसंनासं झालं तर कुठं हुडकू मी?"

पण पोरांनी गलका केला आणि राज्य विहीणबाईंवरच आलं. भिंतीकडं तोंड करून त्यांना चार आकडेसुद्धा धड मोजवेनात. "सापडले गं सगळे, या बाहेर!" सगळे आले. मला पदर हलका लागला म्हणून खाली बघितलं. नात नव्हती.

दार सताड उघडं. मुलगा जिन्याकडं धावला, सून गॅलरीत. मी पलंगाखाली वाकून तिच्या नावानं हाका मारत होते. वाटलं, विहीणबाई आता चक्कर येऊन पडणार. त्या मात्र घराच्या मधोमध खाली बसल्या.

"लई ओरडू नका. हाका मारल्यावर लपलेलं लेकरू बाहेर येतंय व्हय?" मग घरभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी हारले गं बाई! नाय सापडली तू मला!"

वॉशिंग मशीनच्या मागून नात बाहेर आली. केसांत जळमट, चेहरा फुललेला. माझ्याकडं न बघता सरळ पोरांत घुसली. "आता मी शोधते!"

पोरं पांगली, तीही त्यांच्या मागं. मी पदर सारखा करत राहिले. टोकाला तिच्या मुठीएवढ्या चुण्या पडल्या होत्या, त्या काही जाईनात.

विहीणबाई शेजारी येऊन बसल्या. "जाऊ द्या हो तिला," त्या हळूच म्हणाल्या. "दार लावून घेतलंय मी."