सीमाभिंतींच्या आतली मोहरी

त्या तुकड्याला लाल रंग मीच भरला होता. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी चिडचिड दुसऱ्यांवर काढायचा मोह मला अजूनही होतो.

मी नकाशे करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात काम करते. उपग्रहावरून आलेली चित्रं पाहायची आणि कुठली जमीन कशासाठी वापरली जाते ते ठरवायचं. पिकाखालची जमीन हिरवी, पडीक पिवळी, बांधीव लाल. द्वारकेच्या पलीकडच्या, दिल्लीच्या कडेच्या एका गावाचं चित्र मे महिन्यातलं होतं. त्यात करड्या जमिनीवर सरळ रेघांचे चौकोन दिसत होते, मधून रस्ता गेलेला, विजेचे खांब. प्लॉट पाडलेले आहेत हे उघड होतं. मी लाल रंग भरला आणि पुढच्या गावाकडे वळले.

जानेवारीत पडताळणीसाठी प्रत्यक्ष गेले तेव्हा ते चौकोन पिवळे होते. मोहरी फुललेली! गुडघाभर उंचीच्या विटांच्या भिंती, त्यांवर मालकांची नावं आणि फोन नंबर रंगवलेले, आणि आत भिंतीला टेकेपर्यंत मोहरी. घर एकही नव्हतं. काही चौकोनांत मेथी होती, पालक होता, एकात जनावरांसाठी बरसीम घास.

मेथीच्या चौकोनात एक बाई खुरपत होती. मी सवयीने हाक मारली, "ताई, जरा बोलायचं होतं."

ती उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तेरी ताई लागूं सूं मैं?"

इथल्या हरियाणवी बोलीत ताई म्हणजे मोठी काकू, हे मी अकरा वर्षं दिल्लीत राहूनही विसरले होते. ती माझ्याच वयाची, पन्नाशीला आलेली. मी माफी मागितली, बहनजी म्हटलं. ती हसली आणि भिंतीवर बसायला जागा करून दिली.

ही सगळी जमीन एकेकाळी तिच्या सासरची होती. दिरांनी विकली, घेणाऱ्याने प्लॉट पाडून पुढे विकले, आणि ज्यांनी घेतले ते कुठे कुठे राहतात. जागेवर कुणी कब्जा करू नये म्हणून पेरायला त्यांची ना नव्हती. ती भिंतीवरच्या नंबरांवर फोन लावायची, विचारायची आणि पेरायची. ट्रॅक्टर भिंतींच्या आत वळत नाही, म्हणून कुदळीने.

"मेथी इथेच का? आणि मोहरी तिकडे लांब?" मी विचारलं.

"मेथीकडे रोज यावं लागतं. मोहरी आपली आपण वाढते," ती म्हणाली. "माझे गुडघे बघ ना. रोजचं जवळ, कधीमधीचं लांब."

कॉलेजात मी याच विषयाची वर्तुळं काढली होती. बाजाराजवळ दूध आणि भाजी, त्याबाहेर धान्य, सगळ्यात बाहेर चराई. परीक्षेत त्या आकृतीला पूर्ण मार्क मिळाले होते. ती वर्तुळं कुणाच्या गुडघ्यांवरून काढलेली असू शकतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोटो घेतले, पिकांची नोंद केली. निघताना तिने मुद्द्याचं विचारलं. जुन्या ट्यूबवेलची शेतीची वीज तोडणार अशी नोटीस आली होती. इथे शेती उरलेलीच नाही, असं कारण लिहिलेलं. "तुमच्या नकाशात इथे शेती आहे ना?"

लाल रंगाचं माझ्याच्याने सांगवेना. "मी दुरुस्त करते," एवढंच बोलले. करते म्हणाले, करून बघते नाही म्हणाले. यावरून मी नंतर स्वतःला फार बोल लावला.

ऑफिसात साहेबांनी फोटो नीट पाहिले. ते वाईट माणूस नाहीत, हेच जास्त त्रासाचं होतं.

"मोहरी आहे, बिल्कुल दिसतेय," ते म्हणाले. "पण भिंती पण आहेत ना? कायम स्वरूपाचं बांधकाम असेल तर बांधीव. नियम आहे."

"सर, त्या भिंतींच्या आत माणूस राहत नाही. पीक राहतं."

"एका तुकड्याला एकच रंग, मॅडम. अर्धा लाल अर्धा हिरवा कसा करणार?"

"मग हिरवा करू."

"आणि वरून विचारलं की भिंती कुठे गेल्या, तर? तुम्ही शेऱ्यात लिहा."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'सीमाभिंतींच्या आत रब्बीचं पीक, पाहणीत आढळलं.' रकान्यात मावेल तेवढंच. वेगळी टिप्पणी जोडून फाईल वर पाठवली. ती 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' अशा ओळीसह परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. छापील नकाशात शेऱ्याचा रकाना नसतो. नकाशा निघाला तेव्हा तुकडा लालच होता, आणि खाली कोपऱ्यात, तयार करणाऱ्यांच्या यादीत, माझं नाव.

त्याच आठवड्यात लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझी मुलगी बारावीच्या भूगोलाचा अभ्यास करत बसली होती. "आई, करंट फॅलो म्हणजे काय, एका ओळीत सांग ना यार."

"चालू पड. एखाद्या हंगामात न पेरलेली जमीन. पडीक."

"पडीक म्हणजे तर आळशी ना? पुण्याचा दादा म्हणतो, तो कॅन्टीनमध्येच पडीक असतो."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी ओरडले, की जमीन आळशी नसते, ती कुणीतरी पेरू दिलेली नसते, आणि तुमच्या पुस्तकात ते कोण याची व्याख्या नाही. ती वही घेऊन आत गेली. रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा अमरावतीहून माझे बाबा म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? तिनं काढला का नकाशा?"

मार्चमध्ये रजा टाकून मेट्रोने आणि पुढे शेअर रिक्षाने मी त्या मेथीवाल्या बाईकडे गेले. मोहरी कापलेली होती. वीज तोडली होती. जवळच्या दोन चौकोनांपुरतं पाणी ती घरून बादलीने आणत होती. मी सगळं खरं सांगितलं, लाल रंग माझाच हेही. तिने बादली खाली ठेवली.

"मग फोटो कशाला काढलेस?"

मी पिशवीतून फोटोंचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. ते न उघडताच ती म्हणाली, "वीजवाल्यांकडे अर्ज दिलाय. आज बोलावलंय. चल मग, तिथे सांग हे."

वीज ऑफिसच्या खिडकीशी आम्ही दोघी तासभर उभ्या होतो. आमची पाळी आली तेव्हा मी फोटो पुढे केले. कारकुनाने ते बाजूला सारले आणि कपाटातून गुंडाळी काढून काचेमागे उलगडली. आमच्याच ऑफिसचा नकाशा. त्याने लाल तुकड्यावर पेन टेकवलं. "इथे शेती नाही."

"हा नकाशा मीच केलाय," मी म्हणाले. "तो चुकलाय."

त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं, माझं ओळखपत्र मागितलं, दोन्ही ताडून पाहिली. "अच्छा! मग तर तुम्हालाच ठाऊक असायला हवं, मॅडम. तुमच्या ऑफिसकडून दुरुस्तीचं पत्र आणा. लगेच जोडतो."

तो थट्टा करत नव्हता. पत्र मिळतं अशी त्याची खरोखरच समजूत होती.

आम्ही बाहेर आलो. चूक माझी एकटीची नाही, नियमच तसा आहे, असं काही बोलून मोकळं व्हावंसं मला वाटत होतं. तिने अर्जाची पोचपावती चार घड्या घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि रिक्षाला हात केला.

दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा मी त्याच दिवशी लिहिला. तो अजून सहीसाठी फिरतोय. मधल्या काळात एक पेरणी गेली. तिने जवळचे दोनच चौकोन पेरले. लांबचे तसेच राहिले, त्यांत आता काटेरी कीकर, म्हणजे आपली बाभूळ, उगवलीय. परवा साहेबांनी त्या भागाचं नवीन चित्र माझ्या टेबलावर पाठवलं. भिंतींच्या आत कुठेही पीक दिसत नाही, तिचे दोन चौकोनही तेव्हा काढून झालेले. साहेब जाता जाता थांबून, अगदी सहज म्हणाले, "बघा मॅडम, आता तरी काही वाद नाही ना?"