जुळवलेली जबानी

माझ्या हातून गेलेली फाइल सरकारी कचेरीतून कधी परत येत नाही, ही सौदीतल्या हुफूफ शहरात माझी ख्याती. खजुराच्या पॅकिंग कंपनीत मी कारकून. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, व्हिसा, विमा, सगळ्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. बापाचं नाव एका अक्षराने वेगळं पडलं तरी इथे माणूस महिनाभर लटकतो. त्यामुळे दोन कागदांत फरक दिसला की माझे हात शिवशिवतात. श्रीवर्धनहून बायको फोनवर म्हणते, तुमच्या हातात लग्नाची पत्रिका दिली तर तीही दुरुस्त करून परत पाठवाल.

त्याच ख्यातीवर विसंबून आमच्या गोदामातले सुदानी चाचा माझ्याकडे आले. साठीकडे झुकलेले, मोजकं बोलणारे. बऱ्याच वर्षांपूर्वी लढाईत एका सशस्त्र टोळीने त्यांचं गाव जाळलं होतं आणि त्यात त्यांचे दोन मुलगे गेले होते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्या टोळीचा कमांडर युरोपातल्या एका कोर्टापुढे उभा राहणार होता. त्या कोर्टासाठी तपास करणाऱ्या एका बाईंनी चाचांना सांगितलं होतं की आधी इंग्रजीत लेखी जबानी पाठवा, मग आम्ही बोलू.

मला हे सगळं अजबच वाटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर हरलेल्या पुढाऱ्यांवर खटले चालले, एवढं शाळेत वाचलेलं. त्या बाईंनी फोनवर समजावलं की हा कायदा तिथून वाढत आला. 'वरून हुकूम होता' म्हणून शिपाई सुटत नाही आणि 'मी हातही लावला नाही' म्हणून हुकूम देणाराही सुटत नाही. मात्र तो तिथे होता, त्याने हुकूम दिला, हे कुणीतरी सांगायला हवं. नकाशावर नसलेल्या गावासाठी परक्या मुलखात न्यायाधीश बसणार होते, आणि आम्ही इथे साहेबाविरुद्ध अर्ज करायचा तर दहादा विचार करतो. चाचांना एकच हवं होतं, निकालात आपल्या गावाचं नाव यावं.

जबान्या दोन होत्या. चाचांचा चुलतभाऊ मक्केत हॉटेलात कामाला, त्याने आपली हकीकत फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. ती ऐकत टाइप करताना माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. एक म्हणतो टोळीच्या गाड्या पाच, दुसरा म्हणतो आठ-नऊ. एक म्हणतो पहाटे, फजरच्या नमाजाआधी, दुसरा म्हणतो ऊन आलं होतं. असे कागद कोण घेणार? मी गाड्या सात केल्या, वेळ एकच टाकली आणि चाचांचे दोन परिच्छेद उचलून भावाच्या जबानीत ठेवले.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. कमांडर त्यांच्याच दारात उतरला. त्याने पाणी मागितलं, चाचांनी दिलं. तो प्यायला, भांडं परत दिलं आणि मग आपल्या माणसांना म्हणाला, सुरू करा. भाऊ तेव्हा रानाकडे पळालेला, त्याच्या जबानीत हे नव्हतं. शिवाय ज्याने गाव जाळलं त्याला पाणी पाजलं, हे वाचून कोर्ट काय म्हणेल, असं मला वाटलं. मी ते काढून टाकलं. 'कमांडरला लांबून पाहिलं' असं दोघांच्याही कागदावर लिहिलं. चाचांना इंग्रजी येत नाही. त्यांनी विश्वासाने सही केली.

काही आठवड्यांनी माझ्याच टेबलावर त्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला, सोबत अरबीचा दुभाषा. त्यांनी कमांडरबद्दल विचारलं आणि चाचांनी पाण्याचं सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. सही केलेल्या जबानीत हे का नाही, आणि दोन माणसांची वाक्यं अगदी सारखी कशी, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माणसांच्या आठवणी वेगवेगळ्याच असतात, म्हणाल्या, तशाच त्या हव्या होत्या. आता बचावाचे वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतील आणि सगळं पढवलेलं ठरवतील. दोघांनाही साक्षीला बोलावणं आलं नाही.

यंदा निकाल लागला. कमांडर दोषी ठरला, दुसऱ्या गावांसाठी. जेवणाच्या सुट्टीत चाचा माझ्याकडे आले. मी गावांची यादी उघडली, त्यांच्या गावाचं नाव सुचेल त्या स्पेलिंगने लिहून शोधलं. नव्हतं. मी त्यांचे हात धरले, चूक माझी आहे म्हणालो, माफी मागितली. मला रडू आवरेना.

चाचांनी यादीवरून एकदा बोट फिरवलं.

"उस्ताद," ते म्हणाले, "त्या सकाळचं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटायची. पहिल्यांदा तुला सांगितलं, आणि तुलाही ते लपवावंसं वाटलं."

मी नाही म्हणालो. सुट्टी संपली तसे ते उठून गोदामात गेले.