सर्व्हरचा नारळ

खंडेनवमीला आमच्याकडच्या कारखान्यांत एक रीत आहे. मशीन ज्याच्या ताब्यात, नारळ त्याच्या हातचा. प्रेसचा नारळ प्रेसवाला फोडतो, टेम्पोचा ड्रायव्हर. टाकवे बुद्रुकच्या ज्या कारखान्यात मी पहिल्यापासून कॉम्प्युटरचं काम केलं, तिथे सर्व्हरचा नारळ माझा. मी तिथला नोकर नव्हतो. कुसगावात माझं स्वतःचं दुकान आहे. पण तो सर्व्हर मी बसवला होता, आणि त्या दिवशी मालक सगळ्यांसमोर हाक मारून मला पुढे घ्यायचे. बारावी नापास माणसाला असं कोण बोलावतं?

गेल्या वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की यापुढे देखभाल पुण्याची एक कंपनी करणार. चहा पाजून सांगितलं. चहा पाजून सांगितलेल्या गोष्टींचा मला जास्त राग येतो.

"मग मी?"

"तू घरचाच आहेस की रे."

"घरच्याला आधी विचारतात. ठरवून मग सांगत नाहीत."

माझा आवाज चढला. काचेपलीकडे बसलेल्यांनी माना वळवल्या. आयुष्यभर घासाघीस करून खाल्लंय, रिकाम्या हाताने उठणं मला जमत नाही. पुण्याची कंपनी येण्याआधी जुन्या सर्व्हरवरची कामं वेगळी करायची होती. ती मी करणार, असं कबूल करून घेतलं. माझ्या हातचं मशीन परक्याने उघडलेलं मला बघवलं नसतं.

कारखाना छोटा होता तेव्हा एकाच मशीनवर मी दोन कामं बसवली होती. आपला माणूस कोण, त्याला काय उघडू द्यायचं, हे ठरवणारा डोमेन कंट्रोलर तोच, आणि मेल घेणारा-पाठवणाराही तोच. दारावरचा वॉचमन आणि पोस्टमन एकच असावा तसं. तो आजारी पडला की दोन्ही बंद. आता डोमेन कंट्रोलर दोन नवे, म्हणजे एक पडला तर दुसरा उभा, आणि मेलला स्वतंत्र मशीन.

कारखाना बंद असताना करायचं काम, म्हणून रविवार धरले. नव्या दोघांना जुन्याशेजारी लावलं, त्यांनी जुन्याकडून सगळी नावं-पासवर्ड उचलले, मग मुख्य अधिकार त्यांच्याकडे दिले. यात घाई चालत नाही. जुन्यावर मेल असताना त्याचं डोमेनचं काम काढून घेतलं तर मेल कोलमडतो. आधी मेल नव्या घरात न्यायचा, जुन्यावरून पुरता उतरवायचा, मगच म्हाताऱ्याला मोकळं करायचं.

एकेकाची मेलपेटी सरकत असते आणि आपण पडद्यावरची पट्टी बघत बसतो. दुसरं काही करायचं नसतं. एसीचा आवाज तेवढा सोबतीला. दुपारी मागच्या पायरीवर डबा खायचो. समोर शेतात भात निसवलेला, लोंब्या बाहेर आलेल्या, पाऊस येऊन-जाऊन. गेटवरचा वॉचमन विचारायचा, "झालं का सायेब?" मी म्हणायचो, "होतंय." दिवसभरात बोलणं झालं तर तेवढंच. घरी जाऊन काय सांगणार? काहीच घडलेलं नसायचं.

शेवटचा रविवार संपला. सोमवारी लोक आले, मशीनं उघडली, मेल वाचले. कुणालाही काही कळलं नाही. काम चोख झाल्याची खूण हीच, की फोन येत नाही. ती खूण त्या आठवड्यात मला फार बोचली.

मग खंडेनवमी आली आणि बोलावणं आलं नाही. मीही विचारलं नाही. मागून घेतलेला मान मला नको. दुकानात स्क्रूड्रायव्हरना हळदकुंकू लावलं आणि बसलो. समोर हायवेवर सुट्टीला आलेल्यांच्या गाड्या तुंबल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं.

दुपारी फोन वाजला. स्टोअर सांभाळणाऱ्या मावशी, टाकव्याच्याच.

"भाऊ, पूजा झाली, पर मेल उठंना. सायेब लय तापल्यात. पुन्याचं कुनी फोन उचलंना."

"पूजेला सगळं बंद केलं होतं?"

"व्हय. दरसालासारखं."

"चालू करताना आधी काय लावलं?"

"मोठा डबा. हार त्यालाच मोठा घातलाय. मोठ्याचा मान आदी, न्हाई का?"

मी कपाळाला हात लावला. मोठा डबा म्हणजे मेलचं मशीन. ते जागं झालं तेव्हा ओळख पटवून देणारे दोघे डोमेन कंट्रोलर झोपलेले, म्हणून मेल अडलेला.

"मावशी, मोठा बंद करा. धाकटे दोन चालू आहेत ना? मग आता मोठा लावा. यापुढे आधी धाकटे, मग मोठा."

"आगं बया, हितं उलटाच न्याय!"

थोड्या वेळाने मागून कुणीतरी ओरडलं, आले आले, मेल आले. मग फोनवर मालक.

"बरं झालं तू होतास."

"होतो कुठे? बोलावलं होतं का?"

"अरे, काम संपलं, आणि तू रागात. वाटलं येणार नाहीस."

"रागात आहेच. आलो असतो तरी."

समोरचा गप्प झाला की भाव टाकायचा, हे मी बाजारात शिकलो.

"पुढच्या वर्षी नारळ माझा. बोला."

"पुढच्या वर्षी..." ते हळू बोलले. "पुण्याचे म्हणतात, वर्षभरात सगळं क्लाउडवर नेऊ. इथे मशीनच राहणार नाही. मग नारळ कशासमोर फोडायचा रे?"

टाळाटाळ नव्हती ती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते त्यांनी मलाच विचारलं होतं.

"बघू," मी म्हटलं.

"बघू," तेही म्हणाले.

बघू म्हणजे सौदा मोडला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.