लग्नासाठी पांढरी, तीही सुती

कापसाच्या जिल्ह्यात सुती कपडा मिळत नाही, हे वाक्य मी हातमागासाठी काढते त्या पत्रकांत इतक्यांदा छापलं आहे, की आमच्या चौकातला शेंगदाणेवाला पुडी बांधताना तेच मला वाचून दाखवतो. वाचतो, हसतो आणि त्यातच दाणे भरतो. प्रचाराचा हाही एक मार्ग आहे.

पण वाक्य खोटं नाही. हिवाळ्यात तलमडुगूकडून कापसाच्या गाड्या निघाल्या की आदिलाबादच्या मार्केट यार्डापर्यंत रांग लागते. रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागतो. आणि त्या गाडीवर, कापसाच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या अंगातला शर्ट मात्र पॉलिस्टरचा, म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ असतो. आम्ही पिकवतो ते जग घालतं आणि जगाला नको ते आम्ही घालतो. हेही एका पत्रकात होतं.

अशा जिल्ह्यात ताईचं लग्न ठरलं. ऐन वैशाखात, पत्र्याच्या हॉलमध्ये. आमच्यात, म्हणजे बौद्धांच्यात, नवरी पांढरी साडी नेसते. ताई शाळेत शिकवते, हट्ट करणारी नाही. तिने लग्नात एकच गोष्ट मागितली.

"पांढरी पाहिजे अन् सुती पाहिजे," ती म्हणाली. "त्या चमकीच्या साडीत मी वंदना म्हणता म्हणता शिजून जाईन. बाकी मंग तुमी बँड आणा नाहीतर हत्ती आणा."

आई, ताई आणि मी बाजारात गेलो. पहिल्याच दुकानात पांढऱ्या साड्यांचा ढीग पडला. प्रत्येकीवर टिकल्या, खडे, सोनेरी वेलबुट्टी. दुकानदार प्रत्येक घडी उलगडताना 'प्युअर कॉटन' म्हणत होता आणि वर सांगत होता की धुतली की पाच मिनिटांत वाळते. मी पदराचा एक धागा ओढला आणि काडी ओढून पेटवला. सूत जळलं की राख होते, याचा वितळून काळा मणी झाला. मी तो मणी दुकानदाराच्या तळहातावर ठेवला.

"मॅडम," तो म्हणाला, "कपड़ा पहनने का है, जलाने का नहीं."

आईने माझं मनगट धरून बाहेर काढलं. पुढच्या दुकानात तिने आधी माझी काडेपेटी काढून घेतली. चार दुकानं झाली, ताईचा चेहरा उतरत गेला. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे. नेसते टिकल्यांची. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तेव्हा मी छाती पुढे काढली. फोनवर छोट्या विणकरांची पानं मी वर्षभर बघत होते, लोकांना बघायला लावत होते. तेलंगणातच, पण पार दुसऱ्या टोकाला, एक बाई स्वतःच्या मागावर विणायची आणि स्वतःच फोटो टाकून विकायची. मधे दुकान नाही, दलाल नाही, त्यामुळे भाव आमच्या आवाक्यातला. तिच्याकडे साधी पांढरी सुती साडी होती, काठाला बारीक राखाडी रेघ. ताईने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "हीच."

मी ऑर्डर दिली आणि सोबत निरोप लिहिला. कंपनीला माणूस निरोप लिहितो का? नाही. पण मीच पत्रकात छापलं होतं, की विणणाऱ्या हाताला कळू द्या कपडा कोणासाठी आहे, यंत्र विचारत नाही, माणूस विचारतो. म्हणून मोठ्या प्रेमाने लिहिलं: 'ही साडी माझ्या बहिणीच्या लग्नासाठी आहे. ती स्वतः नेसणार आहे.'

पार्सल वेळेत आलं. ताईने ते पाटावर ठेवून कात्रीने उघडलं. आत लालभडक साडी. कुंकवासारखी लाल, काठ दुप्पट रुंद, फोटोतल्या साडीपेक्षा कितीतरी भारी. घडीत हळद-कुंकवाची पुडी आणि काचेच्या दोन बांगड्या.

आईने बांगड्या उचलून पाहिल्या.

"चुकून दुसऱ्याची आली असंल," आई म्हणाली.

चुकून आलेली नव्हती. मी फोन लावला. तणतणत लावला, तोंडात वाक्यं तयार होती: ग्राहकाचा हक्क, वगैरे. मागाची खटखट थांबली आणि बाई आनंदाने म्हणाली, "मिला अम्मा? अच्छा लगा? तुम गलती से सफेद दबा दिए थे. मैं समझ गई. दुल्हन को सफेद मेरे हाथ से नहीं जाता. ज्यादा पैसा नको, मेरी तरफ से."

आता सांगा, यावर कुठलं पत्रक काढायचं? एखाद्या भल्यामोठ्या कंपनीने आमच्याकडे लग्न आहे की मयत आहे हे न बघता गुपचूप पांढरी पाठवली असती. या बाईने विचार केला. पदरमोड करून विचार केला. माझ्या सगळ्या मागण्या एका माणसाने पूर्ण केल्या होत्या आणि ताईचं लग्न तोंडावर आलेलं.

मी फोनवर हात ठेवला. "मी तिले सांगते, आमच्यात पांढरीच असते म्हणून."

"नको," आई पटकन म्हणाली. "काऊन सांगतं वं आपलं? म्हण, रंग नाही आवडला."

"आवडीचा काय संबंध, आई?"

"तुले नाही कळत. म्हण तेवढं."

मला चांगलंच कळत होतं. आम्ही गावातून आदिलाबादला आलो तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी आई दारोदार फिरली होती. घरमालकीण चहा पुढे करता करता सहज विचारायची, तुमच्यात कुलदैवत कोणतं? आई म्हणायची, आमी सगळंच मानतो. या उत्तरावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. माझा या उत्तरावर राग होता आणि त्याच खोल्यांत बसून मी तो राग लिहीत असे.

तरी ऐकलं. बाईला म्हटलं, रंग नाही आवडला.

"अरे, तो पहले बोलना," ती म्हणाली. "पीला है. तोतापंखी है. जामुनी है, उसका बॉर्डर देखो तो पागल हो जाओगे. फोटो भेजूं?"

जगातले सगळे रंग द्यायला ती तयार होती, एक सोडून. ताई पाटाशी लाल साडीची घडी घालत बसली होती, डोळे खाली. म्हणाली, "राहू द्या. टिकल्यांची आणू."

मग मी राहू दिलं नाही. सांगितलं बाईला. आम्ही बौद्ध, बाबासाहेबांना मानणारे, आमच्यात नवरी पांढरंच नेसते आणि तो आमच्या आनंदाचा रंग आहे. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी पुढचं वाक्य जुळवू लागले, धारदार.

"अम्मा है घर में?" बाईने विचारलं.

"आहे. का?"

"उनको दो. बच्चे लोग कुछ भी बोलते. सफेद भेजेगी मैं, फिर माँ रोएगी, बद्दुआ मेरे माग को लगेगी. माँ बोली तो भेजती."

म्हणजे माझं भाषण तिच्यापर्यंत पोचलं आणि तिथे त्याला काही किंमत आली नाही. मी फोन आईपुढे धरला. आई मान हलवत मागे सरकली. ताई मात्र घडी सोडून तिच्याकडे बघत होती.

आईने हात पदराला पुसले, फोन घेतला आणि बाजारात भाजी घेतानाच्या हिंदीत, गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली, "हां बाई. मैं माँ. हमारे में सफेदच पहनते. मैं भी पहनी थी. मेरी सास ने दी थी." मग अजून मोठ्याने, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं, "बौद्ध है हम."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, कारण आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. उन्हाबद्दल बोलल्या, मग जावयांबद्दल. बाईला दोन जावई होते आणि दोघेही माग बंद करा म्हणत होते. हे आईने सांगितलं. मला वर्षभरात ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

पांढरी आली. लाल साडी आम्ही परत पाठवली, आईने सोबत घरची हळद बांधून दिली. लग्नाच्या दिवशी हॉल तापून निघाला. नवरदेवाकडच्या बायका टिकल्यांच्या साड्यांत वारा घेत बसल्या आणि ताई वंदना म्हणताना शांत बसली होती, साडी मांडीपाशी चुरगळलेली. नवरदेवाची मावळण, म्हणजे आत्या, पुढे झाली, तिने पदर चिमटीत धरला.

"इस्त्री नाही केली काय वं नवरीच्या साडीले?"

मी तोंड उघडलं. सूत, घाम, माग, सगळं जिभेवर आलं होतं.

"सुती हाय," आई मधेच म्हणाली. "अशीच राह्यते. माह्या वळखीची बाई विणते."